उडी त्यांची, पाटी कोणाची?

हाताच्या कसबाला बाजार मिळाला की दोन गोष्टी एकदमच घडतात. घरात चार पैसे येऊ लागतात आणि त्याच घरात भांडणाला सुरुवात होते. काम कोणी शोधून काढले, नाव कोणाचे लागले, बयाणा कोणी घेतला, मजुरी कोणाच्या हाती पडली, हे प्रश्न धंदा लहान असेपर्यंत कोणी विचारत नाही. धंदा वाढला की तेच प्रश्न दारात येऊन उभे राहतात आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. यंत्रमाग चालवणाऱ्याला, जरीकाम करणाऱ्याला किंवा चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको.

आज या पानावर आम्ही ज्या धंद्याची हकीकत मांडत आहोत, त्याच्याशी आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचा वरवर पाहता काहीएक संबंध नाही. या धंद्याचे नाव पार्कूर. भिंती, कठडे, जिने, गच्च्या असे वाटेत येईल ते केवळ हातापायांच्या बळावर ओलांडून पुढे जायचे, अशी ही विद्या आहे. आपल्या घरातली मुले मोबाइलवर ज्या गच्चीवरच्या उड्या डोळे विस्फारून पाहतात, त्या याच विद्येतून आल्या. यात माल नाही, दुकान नाही, यंत्र नाही. माणसाचे अंग हेच भांडवल. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत चित्रपटवाले, जाहिरातवाले, शीतपेयाच्या कंपन्या आणि शेवटी एक शतकाहून जुना जागतिक महासंघ, असे सगळे या अंगमेहनतीच्या कसबाभोवती जमा झाले. माल नसल्यामुळे येथे मालकीचा प्रश्न अगदी उघडा दिसतो. म्हणूनच हा हिशेब पाहण्यासारखा आहे.

उपनगरातले उस्ताद

या विद्येचे मूळ फ्रान्समध्ये आहे. जॉर्ज हेबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धावणे, चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे यांवर आधारलेली व्यायामपद्धती मांडली. माणसाने बलवान व्हावे ते दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी, हे तिचे ब्रीद होते. व्हिएतनाममध्ये जन्मलेले रेमाँ बेल यांनी लहानपणी लष्करी अनाथशाळेत अशाच अडथळ्यांवर स्वतःला तयार केले आणि पुढे ते पॅरिसच्या अग्निशमन दलात दाखल झाले. त्यांचा मुलगा दाविद बेल (जन्म १९७३) याने बापाकडून ही गोष्ट उचलली. पॅरिसच्या दक्षिणेला असलेल्या लिस आणि एव्री या वस्त्यांत तो व त्याचे सोबती रोज सराव करू लागले. त्यांतील अनेकांची कुटुंबे आफ्रिकेतून, आशियातून किंवा कॅरिबियन बेटांवरून आलेली. व्यायामशाळेची फी नाही, गणवेश नाही. वस्तीतली भिंत हेच साधन आणि थोरला मित्र हाच उस्ताद.

१९९७ साली या तरुणांनी नऊ जणांचा एक संघ केला आणि त्याला लिंगाला या आफ्रिकन भाषेतून यामाकासी हे नाव दिले. देहाने आणि मनाने बळकट, असा त्याचा भावार्थ. आपल्या विद्येला ते हालचालीची कला म्हणत.

येथवर सगळे ठीक होते, कारण येथवर कोणाला एक पैसाही मिळत नव्हता.

पहिला बयाणा, पहिली फूट

मग कामे येऊ लागली. नोत्र-दाम द पारी या गाजलेल्या संगीत नाटकासाठी या तरुणांना विचारणा झाली. कला म्हणजे काय, ती रंगमंचावर न्यावी काय आणि आलेल्या पैशाचे काय करावे, यांवरून संघात मतभेद झाले. दाविद बेल आणि सेबास्तियाँ फुकाँ बाहेर पडले. उरलेल्यांना घेऊन २००१ साली लुक बेसाँ याच्या निर्मितीतून यामाकासी याच नावाचा चित्रपट निघाला.

बाहेर पडलेले तरी बाजारापासून दूर राहिले काय? नाही. बेल २००२ साली बीबीसी वाहिनीच्या एका जाहिरातपटात लंडनच्या गच्च्यांवरून धावला आणि २००४ साली बाँल्यू त्रेझ या चित्रपटाचा नायक झाला. फुकाँ २००३ साली चॅनल फोरच्या जंप लंडन या माहितीपटात आला आणि २००६ साली कॅसिनो रॉयल या बाँडपटात क्रेनवरून पळणारा माणूस म्हणून साऱ्या जगाने त्याला पाहिले. म्हणजे ज्या पैशावरून घर फुटले, त्याच पैशाच्या वाटेने पुढे सगळेच गेले. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. अंग झिजवणाऱ्याने त्याचा मोबदला घेणे यात गैर काय?

पण व्यापाऱ्याच्या नजरेला एक गोष्ट चटकन दिसेल. एका कसबाला तीन नावे पडली. यामाकासीचे लोक हालचालीची कला म्हणत राहिले. बेलने पार्कूर हे नाव चालवले. जंप लंडनच्या वेळी इंग्रजी प्रेक्षकांना कळावे म्हणून फ्रीरनिंग हा शब्द पुढे केला गेला आणि फुकाँ त्या नावाने ओळखला जाऊ लागला. एकाच भट्टीतला माल तीन पाट्यांखाली विकला जाऊ लागला की बाहेरच्या दलालाचे फावते. त्याला तिघांपैकी कोणाशीही सौदा करता येतो आणि तिघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या सौद्यावर हरकत घेता येत नाही.

बाजार काय विकत घेतो?

यानंतर कंपन्या आल्या. रेड बुल या शीतपेय कंपनीने २००७ साली व्हिएन्नात आर्ट ऑफ मोशन ही स्पर्धा सुरू केली आणि पुढे ती ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर, पांढऱ्या घरांच्या आणि निळ्या समुद्राच्या पार्श्वभूमीवर नेली. २००८ साली लंडनमध्ये फ्रीरनिंगची जागतिक स्पर्धा झाली, तिच्या नावाआधी बार्कलेकार्ड या क्रेडिट कार्डाचे नाव होते. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर स्पर्धेचे कार्यक्रम निघाले.

जुने लोक नाराज झाले. २००७ च्या सुमारास स्पर्धेच्या विरोधात मोहीमच निघाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, या विद्येत माणसाची लढत स्वतःच्या भीतीशी आणि आळसाशी असते, शेजाऱ्याशी नव्हे. घड्याळ आणि परीक्षक मध्ये आले की शिकणारा आपल्या अंगाचे न ऐकता टाळ्यांचे ऐकतो, आणि हाड मोडते ते तेथेच.

या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आपल्याला सहज समजावे. कोणत्याही कसबात जे विकले जाते आणि जे खरे काम असते, त्यांत अंतर असते. पार्कूर करणारा माणूस वर्षानुवर्षे कमरेएवढ्या भिंतीवर सराव करतो. दोन पावलांवर आवाज न करता उतरणे, पंजाने कठडा धरणे, चुकलेली उडी सावरणे हे त्याचे रोजचे काम. कंपनी मात्र विकत घेते ती गच्चीवरची एक उडी, काही सेकंदांची. तिला सराव नको, चित्र हवे. मग नवा मुलगा पाहतो ते चित्र आणि त्याला वाटते की हेच ते काम. विणकामात नक्षी दिसते पण ताणा दिसत नाही, तसेच हे झाले. गिऱ्हाईक नक्षीचे पैसे देते. ताण्याचे पैसे कारागिराने स्वतःच भावात धरले नाहीत, तर ते कोणीच देत नाही.

आणखी एक गोष्ट. उडी यशस्वी झाली तर पेयाच्या डब्याची विक्री वाढते, आणि उडी चुकली तर घोटा मोडतो तो उडी मारणाऱ्याचा. नफा एकाकडे आणि जोखीम दुसऱ्याकडे, असा सौदा कोणत्याही बाजारात वाईटच. तो मोडायचा तर दवाखान्याचा खर्च, विमा आणि चित्रीकरणाचे पुढचे हक्क या तीन बाबी कागदावर आल्या पाहिजेत. एकटा मुलगा मोठ्या कंपनीपुढे बसून हे लिहून घेऊ शकत नाही. त्यासाठी त्याच्या मागे संघटना लागते.

म्हणून आमचे मत असे की, स्पर्धेला नुसता विरोध करणाऱ्यांनी रोग ओळखला, पण औषध दिले नाही. पैशाला हात लावू नका, असे सांगून पैसा थांबत नाही. तो फक्त दुसऱ्या दाराने आत येतो.

मोठ्या पेढीने उघडलेली शाखा

ते दुसरे दार २०१७ साली उघडले. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघ ही १८८१ साली स्थापन झालेली संस्था. त्या वर्षी मे महिन्यात तिने जाहीर केले की आपण पार्कूर हा एक नवा प्रकार म्हणून विकसित करणार. गंमत अशी की त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटनमध्ये पार्कूरला स्वतंत्र खेळ म्हणून अधिकृत मान्यता मिळाली होती. असा दर्जा देणारा तो पहिला देश. पार्कूर यूके ही तेथील संघटना पार्कूर करणाऱ्यांनीच उभी केलेली. तिने महासंघाला जाहीर पत्र लिहून हे अतिक्रमण असल्याचे कळवले. फ्रान्स, न्यूझीलंड आदी देशांतील संघटनांनीही विरोध केला आणि आपण जिम्नॅस्टिक्स नाही, अशी घोषणा जगभर फिरली. याच वर्षी काही देशांच्या संघटनांनी मिळून पार्कूर अर्थ ही स्वतःची जागतिक संस्था स्थापन केली.

महासंघ थांबला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये बाकू येथील अधिवेशनात त्याने पार्कूरला आपल्या प्रकारांत सामील करून घेण्याचा ठराव केला. हिरोशिमा येथे ठरलेली पहिली जागतिक स्पर्धा कोरोनामुळे लांबली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये टोकियोत झाली. दुसरी २०२४ साली जपानमध्येच किताक्युशू येथे झाली. वेग आणि मुक्तशैली असे दोन प्रकार तेथे असतात. एकात घड्याळ निकाल देते, दुसऱ्यात परीक्षक. ऑलिंपिकचे दार मात्र अजून उघडलेले नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पार्कूरला जागा मिळाली नाही, आणि ज्या शहराच्या उपनगरांत ही विद्या वाढली तेच ते पॅरिस.

महासंघाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याच्याकडे देशोदेशी सभागृहे आहेत, प्रशिक्षक आहेत, डॉक्टर आहेत आणि सरकारी अनुदान मिळवण्याची यंत्रणा आहे. गरीब देशातल्या एखाद्या मुलाला गादी घातलेल्या सभागृहात सराव मिळाला आणि जागतिक स्पर्धेचा खर्च कोणी उचलला, तर त्याचे वाईट झाले असे कोण म्हणेल? आणि या विद्येच्या संस्थापकांपैकीही काहीजण महासंघाबरोबर काम करायला गेले, हे विसरता येत नाही.

पण प्रश्न मदतीचा नसून पाटीचा आहे. महासंघ आपले काम प्रत्येक देशाच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेमार्फत करतो. म्हणजे अनुदान तिकडे जाणार, पंचांचे प्रमाणपत्र तिकडून मिळणार, कोणती उडी चांगली आणि कोणती निकृष्ट याचा निवाडा तिकडे होणार. ज्यांनी वीस वर्षे भिंतीवर गुडघे फोडले, त्यांनी आपल्याच कामाचा परवाना दुसऱ्याच्या खिडकीवर जाऊन मागायचा. आपल्या हातातले कसब शाबूत राहते, पण त्याचा भाव ठरवण्याचा हक्क जातो. कारागिराचे खरे नुकसान असे होते.

ही भीती हवेतली नाही, याला दाखला आहे. बर्फावर फळीवरून घसरण्याचा स्नोबोर्डिंग हा खेळ असाच स्वतंत्र वाढला होता आणि त्याची स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटनाही होती. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये तो घेतला गेला, तेव्हा त्याची सूत्रे या संघटनेकडे न देता स्की महासंघाकडे दिली गेली. नॉर्वेचा तेर्ये हाकोनसेन हा त्या काळातला अव्वल खेळाडू, तो निषेध म्हणून त्या ऑलिंपिकला गेलाच नाही. एकट्याच्या बहिष्काराने काही बदलले नाही. २००२ साली स्नोबोर्डवाल्यांची स्वतःची संघटना बंद पडली. स्नोबोर्डिंग चालू राहिले, खेळाडूंना पदकेही मिळाली, फक्त घराची किल्ली दुसऱ्याकडे गेली.

ज्यांनी गल्ला आपल्या हाती ठेवला

असे असले तरी पार्कूरची हकीकत केवळ रडगाणे नाही. या धंद्यात काहींनी वेगळी वाट धरली आणि आपल्या बांधवांनी नीट पाहावे ते येथे.

यामाकासीच्या काही संस्थापकांनी स्वतःची शिकवणी संस्था काढली. लंडनमध्ये पार्कूर जनरेशन्स ही संस्था शाळांत, मोठ्या माणसांच्या वर्गांत शिकवू लागली आणि संस्थापकांच्या सहकार्याने प्रशिक्षकांसाठी प्रमाणपत्र तयार झाले. शाळेच्या मुख्याध्यापकाला उडी किती उंच हे नको असते. शिकवणारा कोण, त्याचा विमा आहे काय, मूल पडले तर जबाबदार कोण, हे त्याला हवे असते. ज्यांनी या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर दिली, त्यांना नियमित काम मिळाले. हे काम गच्चीवरच्या उडीसारखे चमकदार नाही, पण महिन्याच्या महिन्याला पैसे देते आणि त्यात खरे कसब शिकवले जाते.

दुसरे उदाहरण स्टोरर या ब्रिटिश चमूचे. सात मित्रांनी २०१० साली तो सुरू केला. आपली चित्रफीत आपणच काढायची, आपणच प्रसिद्ध करायची आणि आपल्याच नावाचे कपडे विकायचे, अशी त्यांची रीत. पुढे हॉलिवुडचा दिग्दर्शक मायकेल बे याने त्यांना २०१९ च्या सिक्स अंडरग्राउंड या चित्रपटात काम दिले आणि २०२५ साली त्यांच्यावरच माहितीपट काढला. तोवर त्यांची स्वतःची पाटी तयार होती. त्यांच्या गच्चीवरच्या धाडसाचे अनुकरण आपल्या मुलांनी करावे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण शर्ट कोणाच्या नावाने विकायचा, एवढी अक्कल मात्र त्यांच्याकडून घ्यावी.

तिसरे उदाहरण कॅनडातील व्हँकूव्हरचे. स्पर्धा नकोच, असे म्हणत बसण्याऐवजी तेथील पार्कूर करणाऱ्यांनी स्वतःच स्पर्धा भरवली आणि नियम स्वतःच लिहिले. स्पर्धा होणारच असेल, तर तिचे नियम ज्याच्या अंगाला त्या उडीची किंमत माहीत आहे त्याने लिहावेत, हा विचार आम्हाला पटतो.

या तिघांत साम्य कोणते? तिघांनीही पैशाला नाही म्हटले नाही. नाव, नियम आणि वही मात्र तिघांनीही आपल्या हाती ठेवली.

आपल्या गल्लीतला प्रश्न

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, परदेशातल्या उड्यांचे आम्हाला काय? तर आपल्याकडचे कोल्हापुरी चपलेचे प्रकरण आठवावे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तसलीच चप्पल दाखवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्यात महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्हे येतात. हे मानांकन परदेशातल्या दुकानावर लागू होत नाही, हे खरे. तरीही नोंद होती, दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळे होती, व्यापाऱ्यांची संघटना होती, म्हणून बोलणी करायला कोणीतरी समोर बसू शकले आणि डिसेंबर २०२५ मध्ये करारापर्यंत मजल गेली. त्या करारातले किती पैसे प्रत्यक्ष चप्पल शिवणाऱ्या हातात पडतात, हे पाहणे आता कारागिरांचे काम आहे. नोंदच नसती, तर हा प्रश्न विचारायलाही जागा उरली नसती.

आपल्यातले काही जुने कारागीर म्हणतात की कागद आला की कसब मरते. पदाधिकारी होतात, शिक्के येतात आणि उस्तादाला शिपाई विचारू लागतो. ही भीती खोटी नाही. पण पार्कूरची हकीकत सांगते की, कारागिराने कागद केला नाही म्हणून कागद टळत नाही. तो दुसरा कोणीतरी करतो आणि त्यावर आपले नाव नसते. शिक्का येणारच असेल, तर तो उस्तादाच्या पेटीत असावा.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. एका कामाचे दहा कारागीर असतील तर दहा पाट्या लावण्याआधी एकदा एकत्र बसा. कामाला कोणते नाव द्यायचे ते ठरवा आणि त्याची नोंद करा. मोठे गिऱ्हाईक आले तर एकट्याने बयाणा घेऊ नका. दर, जोखीम आणि पुन्हा वापरण्याचे हक्क लिहून घ्या. शागीर्द तयार झाला की त्याला आपल्या मंडळाचा दाखला द्या, म्हणजे उद्या दुसऱ्याच्या दाखल्यासाठी त्याला रांगेत उभे राहावे लागणार नाही. आणि वाटणीचे भांडण पैसे येण्याआधी करून घ्या. पैसे आल्यावर केलेले भांडण घर फोडते, आधी केलेले भांडण करार होते.

लिसच्या त्या भिंतीवरून आजही कोणीही मुलगा फुकट उडी मारू शकतो. ती उडी कोणाला नोंदवून घेता येत नाही, कुलूप लावता येत नाही, हे या विद्येचे मोठेपण. पण त्या उडीवर चालणारी शिकवणी, स्पर्धा, शर्ट आणि चित्रपट हे सगळे नोंदवता येते, आणि ते कोणीतरी नोंदवतेच. ते नोंदवणारे हात घट्टे पडलेले असावेत की नुसत्या सहीचे, हे ठरवायला कारागिराला फार वेळ मिळत नाही.